डावीकडच्या आरशाचा खर्च

४ फेब्रुवारी

प्रिय खिळ्या,

दुकानदार माणसाला बिनकामाचं पत्र लिहिलं तर तो अर्धं वाचून ठेवून देतो, म्हणून आधी काम सांगते. आमच्या गाडीचा डावीकडचा आरसा गेला. फाटकातून बाहेर काढताना खांबाला घासला आणि वायरीला लोंबकळत राहिला. गॅरेजवाल्याकडे नेला. त्याने मान हलवत जो आकडा सांगितला तो ऐकून माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी पैसे पैशांत मोजत नाही, पँटींत मोजते, हे तुला ठाऊक आहे. एका पँटीची उंची कमी करून द्यायचे मला जे मिळतात, तसल्या चाळीस पँटी! एका आरशाला! माझ्या ट्रायल रूममधला माणसाएवढा आरसा मी बारा पँटींत आणला होता, आणि त्यात गिऱ्हाईक डोक्यापासून पायापर्यंत दिसतं.

तर तुझ्या त्या भंगाराच्या डोंगरात आमच्या गाडीची एखादी बहीण पडली असेल तर तिचा आरसा काढून पाठव. फोन करू नकोस. लाईनवर नुसती खरखर आहे, दुरुस्तीला सांगून ठेवलंय. पत्रच लिही. अक्षर सुधारलंय का तेही कळेल.

तुझे दादा मजेत आहेत. आशीर्वाद सांगतात.

तुझी वहिनी

९ फेब्रुवारी

वहिनी,

नमस्कार. दुकानाच्या मालकाला, डोक्यावरचे केस मागे हटलेल्या माणसाला ‘खिळ्या’ म्हणणारी तू एकटीच उरलीस. लहानपणी खिशात खिळे भरून हिंडायचो आणि तू नवी नवरी माझे फाटके खिसे शिवत बसायचीस, हे मी इथे कोणाला सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

चाळीस पँटी जास्त नाहीत ग. तुला वाटतं, आरसा म्हणजे काच. काच त्यात सगळ्यात स्वस्त, दोन पँटींची. तिच्यामागे काच फिरवणारी मोटर, आरसा दुमडणारी दुसरी मोटर, वळताना लुकलुकणारा दिवा, दव घालवणारी तार आणि वरून रंगवलेलं टोपण. कंपनी यातलं काहीच सुटं विकत नाही, सगळं एकदम घ्या म्हणते. एक पान फाटलं म्हणून अख्खं पुस्तक नवीन घ्यायला लावण्यासारखं आहे हे. अर्थात त्यावरच माझी चूल पेटते, तेव्हा मी जास्त बोलत नाही.

तुमच्या गाडीची बहीण मिळाली. मागून ठोकलेली आहे, पण आरसे शाबूत आहेत. फक्त ती निळी होती. तुमच्या राखाडी गाडीला एक कान निळा येईल, तेवढं चालवून घे. पैसे पाठवू नकोस. हिच्या कोटाची चेन बिघडली आहे, तो कोट पार्सलात टाकलाय, तेवढी बसवून दे.

पण कमाल आहे हं. ज्या माणसाने अर्ध्या शहराला गाडी शिकवली त्याची बायको स्वतःच्या फाटकाच्या खांबाला आरसा घासते? मी पहिल्यांदा गाडी नालीत घातली तेव्हा दादाने महिनाभर मला स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता. तुला काय काय ऐकवलं ते त्यालाच लिहायला सांग. मला वाचायचंय.

खिळ्या

२७ फेब्रुवारी

प्रिय खिळ्या,

आरसा पोचला, बसला, आणि निळा कान लावून आम्ही रस्त्याने मिरवून आलो. लोक वळून बघतात. कोटाला चेन बसवली. आतलं अस्तरही उसवलं होतं, तेही शिवून टाकलं. धाकटीला सांग, कोट खिशांत हात घालून ओढायचा नसतो.

आता रागावू नकोस. काच पुन्हा गेली. या वेळी फक्त काच, बाकी सगळं धड आहे. गाडी बाजाराच्या गल्लीत उभी होती. एक सायकलवाला धडकला आणि थांबलासुद्धा नाही. तर ती दोन पँटीवाली काच पाठव. खरं तर दोन पाठव. एक हाताशी असलेली बरी.

दादांना लिहायला वेळच होत नाही. निवृत्त झाले तरी शिकवणं सुटत नाही त्यांचं. रोज दुपारी एका बाईंचा धडा असतो. त्या बाई अगदीच ढ आहेत, पण दादांनी चिकाटी सोडलेली नाही.

वहिनी

३ मार्च

वहिनी,

दोन काचा वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवल्या आहेत. मागे चिकटपट्टी लावली आहे. कागद सोलायचा आणि तळहाताने दाबून बसवायची. गॅरेजवाल्याचे पाय धरायला नकोत.

आता तुला राग येईल असं लिहितो. इतकी वर्षं काउंटरवर उभा आहे. लोक जास्तीचं टायर घेतात, बल्ब घेतात. आरशाची काच कोणी राखून ठेवत नाही. ती परत फुटणार अशी खात्री असेल तरच माणूस दोन मागतो. आणि दोन्ही वेळा डावीच बाजू! माझं एक म्हातारं गिऱ्हाईक असंच एकाच बाजूचं सामान नेत राहायचं. शेवटी मुलाने डोळे तपासून घेतले तर त्या बाजूचं त्यांना दिसतच नव्हतं, आणि दिसत नाही हे त्यांना कळतही नव्हतं.

तू दिवसभर सुईत डोळे घालून बसतेस. डोळे दाखवून ये आणि रिपोर्ट मला पाठव. तोवर गाडी दादाला चालवू दे. रिपोर्ट वाईट आला तर मी ट्रक घेऊन येईन, गाडी घेऊन जाईन आणि तिची चोख किंमत देईन. मला तू महत्त्वाची आहेस, गाडी नाही. हे पत्र दादाला दाखव. त्याचंही हेच म्हणणं पडेल.

खिळ्या

१८ मार्च

खिळ्या,

‘प्रिय’ मुद्दाम गाळलंय.

सोबत डोळ्यांचा रिपोर्ट आहे. डॉक्टरांनी समोरचं, बाजूचं, लाल, हिरवं सगळं बघितलं आणि म्हणाले, या वयात असे डोळे क्वचित बघायला मिळतात. काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याचं काज मी अजून चष्म्याशिवाय करते. तुझ्या त्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या पंगतीत मला बसवू नकोस.

गाडी विकायची नाही. तू जेवायला ये, चार दिवस राहायला ये, पण ट्रक घेऊन आलास तर मी फाटक उघडणार नाही. गाडी गेली तर आमचं घर चालायचं नाही. का, ते विचारू नकोस.

दोन्ही काचा संपल्या. आणखी चार पाठव. आणि या वेळी पैसे घे.

वहिनी

२२ मार्च

ताई,

हे मी हॉस्पिटलात, जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे. यांना माहीत नाही.

तुमचा रिपोर्ट आल्यापासून हे दुकानात आरसे मांडून बसलेत. काच कशाने फुटत असेल यावर रोज नवा शोध लागतो. गिऱ्हाइकं ताटकळतात. मला आरशांतलं काही कळत नाही. पण तुमच्या तीन पत्रांत मोठ्या भाऊजींच्या हाताची एक ओळ नाही, एवढं मला कळतं. यांचा वाढदिवस नुकताच होऊन गेला. दरवर्षी भाऊजींचं कार्ड येतं, त्यात एकच वाक्य असतं, ‘आरसे बघून चालव.’ यंदा ते आलं नाही. हे टपालाची पेटी सारखी उघडून बघत होते.

भाऊजी बरे आहेत ना? मला लिहा. वॉर्डात मी पुष्कळ पाहते. मला धक्का बसणार नाही.

तुमची धाकटी जाऊ

२ एप्रिल

प्रिय धाकटे,

शिवणयंत्रापाशी बसून लिहिते आहे. मधूनमधून उगाच पाय मारते. मशीनचा आवाज येत राहिला की ते पलीकडच्या खोलीत निर्धास्त बसतात. आमचा फोन ठणठणीत आहे, खरखर वगैरे मी बनवून सांगितलं. फोनवर बोलायला लागले की ते मागे येऊन उभे राहतात. एकदा मी माझ्या मैत्रिणीला सांगत होते की त्यांना हल्ली आठवत नाही. ते सगळं ऐकलं त्यांनी, आणि लहान मुलासारखे रडले. तेव्हापासून फोनवर मी हवापाण्यापलीकडे बोलत नाही.

दीड वर्ष झालं ग. आधी नावं गेली, मग रस्ते गेले, मग मी. मी घरात वावरते त्याला त्यांची हरकत नसते, पण मी कोण ते त्यांना सांगता येत नाही. दुपारी मात्र गाडीत डावीकडे बसले की पाठ ताठ होते. सगळी नोकरी त्यांनी त्याच जागेवर काढली, स्टिअरिंगवर शिकाऊ माणूस आणि शेजारी मास्तर. मग मी ‘बाई’ होते. ‘बाई, क्लच सावकाश सोडा. बाई, घाई कोणाला आहे?’ खिळ्याला ज्या ढ बाईंबद्दल लिहिलं होतं ना, ती मीच. आयुष्यभर गाडी चालवली, आता रोज दुपारी नवशिकी होते. पण तेवढा वेळ ते पुरते जागे असतात, हसतात, रागावतातसुद्धा. परत आले की जेवतात आणि शांत झोपतात. ज्या दिवशी गाडी निघत नाही त्या दिवशी घरभर फेऱ्या घालतात आणि दार उघडून निघून जायला बघतात. म्हणून म्हटलं, गाडी गेली तर घर चालायचं नाही.

आरशाचं असं होतं. शिकवायच्या गाडीत मास्तरला मागचा रस्ता दिसावा म्हणून त्याचा वेगळा आरसा असतो. आमच्या गाडीत तो नाही. मग ते खिडकीतून हात बाहेर काढतात आणि डावीकडची काच दाबून स्वतःकडे वळवतात. तीत एक म्हातारा दिसतो. ते स्वतःला ओळखत नाहीत, धाकटे. त्यांच्या मनात ते अजून काळ्या केसांचे मास्तर आहेत. हा पांढऱ्या खुंटांचा माणूस कोण, आपल्या मागे का लागलाय, शिकणाऱ्या बाईंच्या गाडीत कशाला डोकावतोय? आधी दरडावतात. तो हटत नाही. मग पाण्याची स्टीलची बाटली उचलतात. पहिल्या वेळी तर आरसाच उखडला. खांबाने काही केलं नव्हतं आणि सायकलवालाही मीच जन्माला घातला. गेल्या खेपेला काच त्यांच्या मनगटाला लागली, टाके पडले.

ट्रायल रूममधल्या आरशावर मी चादर टाकली आहे. गिऱ्हाइकांना म्हणते, माझ्यावर विश्वास ठेवा, छान बसलाय. काही जणी परत आल्या नाहीत. त्यांचंही चुकलं नाही, न बघता कपडा कोण घेईल?

खिळ्याला सांगू नकोस. वडील गेल्यावर दादांनीच त्याला वाढवलं. तो इथे धावत येईल, समोर उभा राहील, आणि ते विचारतील, आपण कोण. ते मला बघवणार नाही. काचांसाठी त्याच्यापुढे हात पसरते, कारण गॅरेजवाला नुसती काच देत नाही आणि दर वेळी चाळीस पँटी मी आणू कुठून?

तुझी ताई

७ एप्रिल

वहिनी,

हिने पत्र लपवलं, पण चेहरा लपवता आला नाही. मी मागून घेतलं. तिच्यावर रागावू नकोस.

दुकान बंद केलं आणि मागे जुन्या गाड्यांत जाऊन बसलो. रडलो. मग तुझा राग आला. दीड वर्ष! माझ्याकडे काचा मागितल्यास, मला का नाही बोलावलंस? आणि मी शहाणा, तुला डोळे तपासायला पाठवतो, वर दादाला गाडी चालवू दे म्हणून लिहितो. कपाळावर हात मारून घ्यावा तेवढा थोडा.

तर ऐक. माझ्याकडे शिकवायची एक जुनी गाडी भंगारात आली आहे. तिच्यातला मास्तरचा आरसा, तू मागितलेल्या चार काचांसोबत पाठवतो. रबरी चकतीने समोरच्या काचेला आतून चिकटतो. मागच्या रस्त्याकडे तोंड करून लाव. सांध्यात मी गोंद भरलाय, म्हणजे तो कोणाला वळवता येणार नाही. दादाला हक्काचा आरसा मिळाला की बाहेरच्या काचेला तो हात लावणार नाही, असं आपलं मला वाटतं.

ही म्हणते, आरशांनी भागणार नाही. आमच्या घराजवळ अशा माणसांसाठी एक निवास आहे. बाग आहे, रात्री नर्स असते, दारावर माणूस असतो. मेमध्ये एक खोली रिकामी होते आहे. तू आमच्याकडे राहा, रोज त्याला भेट. दादाला कुठेतरी ठेवायचं, हे मी लिहितोय यावर माझाच विश्वास बसत नाही. पण तू आजारी पडलीस तर तुम्हा दोघांचं काय होईल?

खिळ्या

२६ एप्रिल

प्रिय खिळ्या,

मास्तरांचा आरसा लागला. त्यांनी बसल्याबसल्या कॉलर सरळ केली, आरशात बघितलं आणि म्हणाले, ‘बाई, मागे बस आहे, तिला पुढे जाऊ द्या.’ आणि मागे खरंच बस होती! मी तिला जाऊ दिलं. दोन आठवडे बाहेरची काच शाबूत आहे. तुझ्या हाताला यश आहे.

पण घरात तो म्हातारा येतोच. संध्याकाळी दिवे लागले की स्वयंपाकघराच्या खिडकीत उभा असतो. मी पडदे शिवले, तर ओव्हनच्या दारात दिसला. गेल्या आठवड्यात पहाटे दादा दार उघडून निघून गेले. मी जागी झाले तेव्हा अंथरूण गार होतं. पेट्रोल पंपावर सापडले, एका हाताने पंपाचा खांब घट्ट धरून उभे होते. त्याच दिवशी मशीनवर मला डुलकी लागली आणि सुई बोटातून आरपार गेली.

धाकटीचं बरोबर आहे. मी दमले रे. नुसती खोली बघून जायला नको, त्यांना ठेवायलाच घेऊन येते. खोली धरून ठेव. अकरा तारखेला सकाळी निघू आणि जेवायला तुमच्याकडे पोचू. त्यांच्या सगळ्या शर्टांच्या कॉलरमध्ये आतून नाव शिवते आहे. तिथे धुवायला सगळ्यांचे कपडे एकत्र जातात म्हणे. त्यांनी विचारलं, कोणाचे शर्ट? मी म्हटलं, एका गिऱ्हाइकाचे.

वहिनी

१२ मे

प्रिय खिळ्या आणि धाकटे,

काल तुम्ही पानं मांडून वाट बघितलीत आणि मी ‘येत नाही’ एवढंच म्हणून फोन खाली ठेवला. ते मागेच उभे होते. म्हणून आता लिहिते.

आधी मागणं मागते. खोली सोडून द्या. पण यापुढे मी हे एकटीने ओढणार नाही. खिळ्या, महिन्यातला एक आठवडा तू इथे येऊन राहायचंस. ते तुला ओळखणार नाहीत, तेवढी मनाची तयारी करून ये. गाडी तू चालव. शिकाऊ समजून ओरडतील, ऐकून घे. तो आठवडा मी झोपणार आहे. धाकटे, रात्रीसाठी कोणी भरवशाची बाई मिळते का, ते तुझ्या ओळखीत बघ. तिला द्यायला मी पडद्यांची जास्तीची कामं घेईन. एक दिवस ती खोली लागेल, हे मला कळतं. तेव्हा मीच सांगेन.

आता काल काय झालं ते. सकाळी वेळेवर निघालो. मागच्या सीटवर त्यांची बॅग होती. ती कोणाची, हे त्यांनी विचारलं नाही. मोठा रस्ता लागल्यावर स्वारी खुशीत होती, मला गिअरवरून दोनदा बोलून झालं. अर्ध्या वाटेवर मी पेट्रोल भरायला थांबले. पैसे द्यायला आत गेले आणि बाहेर येऊन बघते तर त्यांनी खिडकी उघडून बाहेरचा आरसा पुरता आपल्याकडे वळवून घेतलेला. मांडीवर बाटली. परका रस्ता, आसपास ओळखीचं कोणी नाही, आणि मनगटावरची जखम नुकती कुठे भरलेली.

मी हळूच त्यांच्या दारापाशी गेले. ते ओरडत नव्हते. आरशात बघत होते. मला बघून अगदी दबक्या आवाजात, त्या म्हाताऱ्याला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाले, ‘बाई, हे गृहस्थ बऱ्याच दिवसांपासून आपल्या मागे आहेत.’

‘हो का?’

‘मी त्यांना चोर समजत होतो. चोर नाहीत हो. घाबरलेत बिचारे. त्यांना रस्ता सापडत नाहीये.’

मग त्यांनी बाटली उचलली. त्यांनी तिचं झाकण काढलं आणि ती आरशापुढे धरली. पाणी हवं का, असं त्याला विचारत होते. थोडा वेळ तशीच धरून ठेवली, मग झाकण लावलं.

‘आपण कुठे निघालोय?’ त्यांनी मला विचारलं.

खोटं बोलवेना आणि खरं तर त्याहून बोलवेना. ‘जरा लांब जायचंय,’ म्हटलं.

‘लांबचं मग बघू. यांना आधी घरी न्या. आपल्याच घरी न्या. असं रस्त्यात सोडून कसं जायचं?’

खिळ्या, मी तिथेच गाडीला टेकून हमसून हमसून रडले. पंपावरचा माणूस बघत राहिला. ज्या माणसाला ते आपल्या घरी न्यायला निघाले होते, त्यालाच मी दुसरीकडे सोडायला चालले होते. त्या क्षणी ते मला जमलं नसतं, कोणी कितीही समजावलं असतं तरी.

गाडी माघारी वळवली. डावीकडचा आरसा त्यांच्याकडेच वळलेला होता, मला त्यात काही दिसत नव्हतं. मी नीट करू का म्हणून विचारलं तर म्हणाले, ‘राहू द्या. ते दिसत राहायला हवेत.’ मग मी तू पाठवलेल्या मास्तरांच्या आरशात वाकूनवाकून बघत, कडेकडेने निघाले. मागचे हॉर्न वाजवत होते. यांचं लक्ष आरशातून हलत नव्हतं. दर थोड्या वेळाने मला सांगत होते, ‘बाई, सावकाश चालवा. वेग वाढवलात तर ते चुकतील.’

मी घरापर्यंत सावकाश चालवत आले.

वहिनी